पाकिटावर हिरवा ठिपका, तरी चीज का नको?

प्रश्न: नमस्कार. मी ठाण्यात राहते. शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंब आहे. घरातल्या आजींना मी मावशी म्हणते. डबे-वाट्यांची देवघेव इतकी, की कुठली वाटी कुणाची हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. मागच्या आठवड्यात त्यांची नात इस्रायलहून, अश्दोदहून आली. मराठी समजते, थोडं बोलतेही. मी हौसेने चीज-टोस्ट केले. आमच्या घरात मांस-मच्छी सोडाच, अंडंही शिजत नाही. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका होता, तो मी तिला दाखवलासुद्धा. ती हसून ‘नको’ म्हणाली आणि केळं खाऊन गेली. नंतर मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “परक्यांनी केलेलं चीज तिला चालत नाही गं. मी खाते. तू मनावर घेऊ नकोस.” पण मी घेतलं. माझ्या सासूबाईंचं सोवळं मी वीस वर्षं सोसलंय, त्यामुळे हे लगेच टोचतं. शिवाय ती मावशींकडे ज्या डेअरीच्या दुधाचा चहा पिते, त्याच डेअरीचं ते चीज होतं! मग चीजच का नको? आता त्यांचा शावुओत हा सण येतोय, त्यात दुधाचे पदार्थ करतात म्हणे. मला काहीतरी करून द्यायचंय. देऊ की नको?
– एक शेजारीण, ठाणे

उत्तर: ताई, द्या. पण काय आणि कसं द्यायचं ते शेवटी सांगते. आधी ते टोचणं पाहू.

समजा, ते पाकीट तुम्ही न उघडताच मावशींना दिलं असतं. मावशींनी ते आपल्या घरी, आपल्या सुरीने कापून नातीच्या ताटलीत ठेवलं असतं. तरीही तिने ते खाल्लं नसतं. आता उलट बाजू बघा. युरोपातल्या एखाद्या कारखान्यात मालक ख्रिस्ती, कामगार ख्रिस्ती, गोठेही त्यांचेच. पण दुधात रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, पडताना एक यहुदी निरीक्षक हौदापाशी उभा होता, किंवा त्यानेच ते घातलं. त्या चीजवर तसा शिक्का असेल तर ही मुलगी ते आवडीने खाईल. म्हणजे चीजला तुमचा हात लागला की नाही, याचा इथे संबंधच येत नाही. दुधाचं चीज होत होतं त्या घटकेला तिथे कोण होतं, एवढंच बघितलं जातं. तुमच्या स्वयंपाकघरात ते पाकीट आलं तेव्हा त्याचा निकाल कधीच लागून गेला होता.

असा चमत्कारिक नियम आला कुठून? त्यासाठी रेनेट समजून घ्यावं लागतं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आपण दूध विरजतो, नाहीतर लिंबू पिळून फाडतो. युरोप आणि पश्चिम आशियात मात्र चीज लावायची जुनी रीत वेगळी. दूध पिणाऱ्या वासराच्या, करडाच्या किंवा कोकराच्या चौथ्या जठरात एक पाचकद्रव्य असतं. आईचं दूध पोटात गेलं की ते त्याची घट्ट गुठळी करतं. जनावर कापल्यावर ते जठर सुकवायचं आणि त्याचा तुकडा किंवा अर्क कोमट दुधात घालायचा. लागतं अगदी थोडं. दहा-पंधरा हजार भाग दुधाला एक भाग अर्क पुरतो. मुंबईतल्या पारशी मंडळींचं टोपलीतलं पनीर याच जातीचं, आणि इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो तर आजही नियमानुसार वासराच्या रेनेटनेच लावतात. ते शाकाहारी नाही हे कळल्यावर आपल्याकडच्या किती जणांनी पास्त्यावरून ते किसायचं सोडलं, तुम्हाला ठाऊक असेल.

यहुदी धर्मशास्त्राची अडचण इथून सुरू होते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे प्राणी त्यांना चालतात, पण ठरावीक पद्धतीने कापलेले असतील तरच. तसं न कापलेल्या जनावराचं जठर निषिद्ध. साधारणपणे निषिद्ध वस्तू साठपट चांगल्या पदार्थात चुकून पडली आणि तिची चव लागत नसेल, तर ती नसल्यासारखीच धरतात. रेनेट तर हजाराव्या भागाहूनही कमी. मग ते सोडून का देत नाहीत? कारण ज्या वस्तूमुळे पदार्थ उभा राहतो ती कितीही थोडी असली तरी ‘नाही’ म्हणता येत नाही, असा दुसरा नियम आहे. रेनेट नसतं तर हौदात दूधच राहिलं असतं. वड्यांच्या रूपाने ते समोर दिसतंय, मग ते नाही कसं म्हणायचं? मला हा युक्तिवाद फार आवडतो.

वाचकांच्या मनात लगेच दुसरी शंका येईल. यहुदी तर मांस आणि दूध एकत्र करत नाहीत. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात तीनदा आली आहे. मग योग्य पद्धतीने कापलेल्या वासराचं जठर तरी दुधात कसं चालतं? बाराव्या शतकात कैरोजवळ वैद्यकी करणारे मायमॉनिडीस (११३८–१२०४) याचं उत्तर देतात. ते जठर मुळात खाण्याजोगं आहे आणि दूधही. दोन्ही एकत्र आल्यानेच दोष घडतो, म्हणून तिथे चव ही कसोटी. चव उतरली नसेल तर चीज चालतं. निषिद्ध जनावराचं जठर मात्र स्वतःच निषिद्ध, त्यामुळे तिथे थेंबभरही चालत नाही.

इथपर्यंत सगळं तर्कशुद्ध आहे. पुढे गंमत सुरू होते.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथामध्ये, ‘अवोदा झारा’ या भागात, एक संवाद आहे. रब्बी (यहुदी धर्मपंडित) यिश्माएल आणि रब्बी यहोशुआ रस्त्याने चालले आहेत. यिश्माएल विचारतात, परक्यांचं चीज का निषिद्ध केलं? यहोशुआ सांगतात, ते मेलेल्या जनावराच्या जठराने लावतात म्हणून. यिश्माएल ऐकत नाहीत. ते यज्ञात अर्पण केलेल्या पशूच्या जठराचं उदाहरण देतात. तो पशू याहून कितीतरी कडक नियमांत बसतो, तरी त्याच्या जठरातल्या ऐवजाबद्दल सवलतीचं मत आहे, मग इथे एवढं कडक का? यहोशुआ दुसरं कारण देतात. मूर्तीला वाहिलेल्या वासरांची जठरं वापरतात म्हणून. यिश्माएल तेही खोडतात. तसं असेल तर असं चीज विकून पैसे मिळवणंसुद्धा बंद हवं होतं. मग फक्त खाणंच का बंद? यावर यहोशुआ काय करतात? विषय बदलतात. “यिश्माएल, बंधो, गीतरत्नातला तो प्रेमाबद्दलचा शब्द तू कसा वाचतोस?” असं विचारून ते गाडी थेट बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्याकडे वळवतात.

अठराशे वर्षं पाठ होत आलेल्या धर्मग्रंथात, मोठ्या आचार्याने प्रश्न टाळला हे जसंच्या तसं लिहून ठेवलंय! पुढे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथात, पंडितांनी विचारलं, त्यांनी टाळलं का? उत्तर मिळतं ते असं: पॅलेस्टाइनमध्ये नवा निर्बंध घातला की बारा महिने त्याचं कारण सांगत नसत. कारण सांगितलं की ते कुणाला तरी पटणार नाही, आणि न पटलेला माणूस नियमच हलका लेखू लागेल. सरकारी परिपत्रकांना सरावलेल्या आपल्याला हे धोरण अगदीच अनोळखी वाटायला नको.

आणि कारण सांगायचं टाळलं की काय होतं तेही तालमूदमध्येच दिसतं. पुढच्या पिढ्यांनी कारणांचा पाऊस पाडला. कुणी म्हणालं, उघड्या दुधात साप तोंड घालून विष सोडतो. कुणी म्हणालं, चीजच्या भोकांत न साकळलेल्या दुधाचे थेंब राहतात आणि ते भलत्या जनावराच्या दुधाचे असू शकतात. कुणी म्हणालं, वरून डुकराची चरबी चोपडतात. कुणाला त्यात परक्यांच्या द्राक्षमद्याचा सिरका पडल्याची शंका, तर कुणाला कोवळ्या, अजून फळं खायला बंदी असलेल्या झाडाच्या चिकाची. निषिद्ध जठराचं कातडं हे कारण शमुएल या पंडिताच्या नावावर आहे, आणि पुढे मायमॉनिडीसनी तेच उचललं.

आता तुमच्या हिरव्या ठिपक्याकडे येऊ. भारतातल्या मोठ्या डेअऱ्यांच्या चीजमध्ये बहुतेक सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट असतं, वासराच्या जठराचा काही संबंध नसतो. १९९० साली अमेरिकेने वासराचं तेच पाचकद्रव्य सूक्ष्मजीवांकडून बनवून घ्यायला परवानगी दिली आणि मग ते जगभर पसरलं. कारण जठराचं होतं आणि जठरच गेलं, तर नियमही जायला हवा, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तसंच म्हटलं होतं. पण हा मुद्दा नवा नाही. मायमॉनिडीस त्यांच्या काळीच लिहून गेलेत की परक्यांनी अंजिराच्या चिकासारख्या फळांच्या रसाने लावलेलं चीजही निषिद्धच. १५६५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेत योसेफ कारो हेच सांगतात. धर्मसभेने मिळून ठरवलेला निर्बंध त्याचं मूळ कारण नाहीसं झालं म्हणून आपोआप उठत नाही, ही त्यामागची भूमिका. कारखान्या-कारखान्यात जाऊन इथे कुठलं रेनेट आणि तिथे कुठलं, अशी छाननी करत बसायची नाही. सगळ्यांना सरसकट एकच नियम.

म्हणजे हिरवा ठिपका एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि मुलीचा प्रश्न दुसराच आहे. तुम्ही दाखवलात, ती हसली, ते यामुळे. तुमची थट्टा तिने नक्कीच केली नाही.

पण थांबा, सगळेच यहुदी असं मानत नव्हते, आणि इथे तुमच्या मावशी येतात. मध्ययुगात फ्रान्सच्या दक्षिणेतल्या नार्बोन गावच्या पंडितांनी आपल्या भागातलं चीज मोकळं केलं होतं, कारण तिथे ते फुलांनी लावत. एका काटेरी झुडपाच्या फुलांनी चीज लावायची पद्धत पोर्तुगालमध्ये आजही आहे. इटलीतल्या यहुदींतही असं चीज खाण्याची वहिवाट होती. बाराव्या शतकातले फ्रान्सचे मोठे भाष्यकार रब्बेनू ताम यांनी तर सापाचं कारण धरून म्हटलं, आमच्याकडे असे सापच नाहीत, मग भीती कसली? पोलंडचे मोशे इस्सर्लेस यांनी सोळाव्या शतकात या सगळ्याचा मेळ घातला. जिथे जुन्या काळापासून मोकळीक आहे तिथे असू दे, बाकीच्यांनी ही भिंत फोडू नये. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी हा निर्बंध बराच सैल केला. पण मुलगी वाढली त्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, वळणात तो जसाच्या तसा आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना हा पेच पडण्याचं कारणच नव्हतं. अलिबाग-पेणकडच्या घरांत दही, ताक, लोणी, तूप असायचं. रेनेटचं चीज असायचं कुठून? खवलेवाले मासे खायचे, बिनखवल्याचे नाहीत, मांसाच्या कालवणात दूध-दही न घालता नारळाचा रस घालायचा, हे नियम पिढ्यानपिढ्या पाळले गेले, कारण त्यांची रोज गाठ पडायची. चीजचे डबे शहरात आले तेव्हा मावशींच्या पिढीने बहुधा आपल्या परीने विचार केला असेल: यात मांस नाही, मग खायला काय हरकत? नात मात्र अशा देशात वाढली की जिथे दुकानातल्या बहुतेक चीजवर रब्बीचा शिक्का असतो आणि शाळेत नियम कलमासहित शिकवतात. आजीपेक्षा नात कर्मठ, हे अनेक स्थलांतरित घरांत दिसतं. मावशींना यात चुकीचं ठरवू नका आणि नातीलाही. खरं तर त्या दोघींनी आपसात हे छान निभावलेलं दिसतंय. नात आजीकडे जेवते म्हणजे नवी भांडी किंवा कागदी ताटल्या आल्याच असणार. तुमचं वाट्यांबद्दलचं वाक्य वाचून मला म्हणूनच हसू आलं.

त्याच डेअरीचं दूध कसं चालतं, हा तुमचा सगळ्यात धारदार प्रश्न. दुधावरही तसाच जुना निर्बंध आहे: दोहताना यहुदी माणूस तिथे हवा. भीती ही, की उंटिणीचं, गाढविणीचं किंवा डुकरिणीचं दूध मिसळलं जाईल. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी सांगितलं की सरकार दुधावर नजर ठेवतं आणि भेसळ करणाऱ्याला दंड होतो, तेव्हा ती खात्री डोळ्यांनी पाहिल्यासारखीच आहे. ज्यांना हे पटतं ते साधं पिशवीचं दूध पितात. आपल्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही कोशरच (यहुदी नियमाने चालणारे), त्यामुळे तेही सोपं. चीजला मात्र ही सवलत लावत नाहीत. दुधात काय मिसळलं हे सरकार तपासतं. चीज लावताना यहुदी माणूस हजर होता की नाही, हे कुठलंही सरकार कशाला तपासेल? गंमत म्हणजे चीजमध्ये भलत्या दुधाची भीती उलट कमीच, कारण तालमूदच म्हणतो की निषिद्ध जनावराचं दूध नीट साकळत नाही. म्हणून दोहताना कुणी पाहिलं नसलं तरी चीज लावताना पाहिलं असेल, तर ते झाल्यावर इस्सर्लेस चालवून घेतात.

आता जरा अवघड बोलते. तुम्ही सोवळ्याचं काढलंत म्हणून, नाहीतर ही गोष्ट मी गुळमुळीत करून सोडून दिली असती. चीजचा नियम जठराचा आहे, तुमचा नाही, हे खरं. पण त्याच्या शेजारचे सगळे नियम तसे नाहीत. परक्यांची द्राक्षमदिरा, भाकरी, शिजवलेलं अन्न यांवर जे निर्बंध आहेत, त्यांचं कारण तालमूद अजिबात लपवत नाही: एकत्र खाणं-पिणं झालं की सोयरिकी होतील. भाकरी तेलामुळे, तेल मदिरेमुळे आणि मदिरा त्यांच्या मुलींमुळे, अशी साखळीच दिली आहे. छोट्या, विखुरलेल्या, कायम कुणाच्या तरी राज्यात राहणाऱ्या समाजाने स्वतःभोवती घातलेलं ते कुंपण होतं. ते तुम्हाला आवडलंच पाहिजे असं नाही. मलाही सगळं आवडत नाही. आणि ‘जुन्या नियमांमागे आरोग्याचं शास्त्र होतं’ अशी मलमपट्टी तर मी मुळीच करणार नाही. आपल्याकडे ती खोड फार आहे.

तरीही तुमच्या सासूबाईंच्या सोवळ्यात आणि यात मला फरक दिसतो. सोवळ्यात माणूसच विटाळाचा मानला जाई. त्याची सावली, त्याचा स्पर्श टाळायचा, आणि तो जन्माने जिथे आहे तिथून हलण्याची सोय नाही. इथे ही मुलगी तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमच्या ओट्याशी टेकून उभी राहिली असेल, तुमच्या हातचं केळं तिने खाल्लं. घरी जाऊन तिने आंघोळ केली नसणार. कुंपण तिच्या ताटाभोवती आहे आणि ते सांभाळण्याचा त्रासही तीच सोसते. परदेशात आलेल्या पोरीने भूक लागलेली असताना टोस्टच्या वासाला नाही म्हणायचं, सोपं नसतं.

याच याद्यांमधली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. परक्यांचं तेलही एके काळी निषिद्ध होतं. पण लोकांनी तो निर्बंध फारसा मानलाच नाही, आणि पुढच्या एका धर्मसभेने तो उठवून टाकला. चीजचं तसं झालं नाही, कारण लोकांनी तो पाळला. तेल मोकळं आणि चीज बंद, यामागे इतकं साधं कारण असू शकतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यांचे’ बेने इस्राएल हे वंशज. तेल मोकळं झालं हे त्यांच्या दृष्टीने एकूण बरंच झालं म्हणायचं.

हेही सांगून टाकते की चीज कोशर असतं तरी तुमचे टोस्ट तिला बहुधा चालले नसते. टोस्टर, तवा, सुरी, तुमच्याकडचा ब्रेड, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न. तेव्हा चीजवरच सगळा राग काढू नका.

आता शावुओत. दुधाचे पदार्थ करायची प्रथा खरीच आहे. माझं मत, श्रीखंड करा. दही विरजणाने लागतं, रेनेटने नाही, त्यामुळे चीजच्या निर्बंधात ते सहसा धरत नाहीत. पण तुमच्या घरून करून नेऊ नका. मावशींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या भांड्यांत करा, आणि कुठली भांडी ते नातीला निवडू द्या. दूध तीच पिते ते, विरजण मावशींच्या घरचं. गॅस तिने पेटवायचा, पातेलं तिनेच वर ठेवायचं. शिजवलेल्या अन्नाबद्दलचा जो निर्बंध मघाशी सांगितला त्याची वाट त्यामुळे मोकळी होते. चक्का टांगायला तुमच्याकडचा पंचा नको, नवं मलमल घ्या. साखर, वेलची, केशर घालून फेटायचं काम तुमचं, आणि त्यातलं कसब तर हाताचंच असतं. विकतचा चक्का किंवा फळांचं दही आणायच्या फंदात पडू नका. त्यांत कधीकधी जिलेटिन असतं आणि पुन्हा शिक्क्याचा शोध सुरू होतो.

पनीर करायचं मनात असेल तर तेही होईल, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त मजेचं वाटतं. लिंबाने फाडलेलं मऊ पनीर या निर्बंधात येतं का, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच कोशर संस्था आंबट घालून केलेल्या मऊ चीजला मोकळं सोडतात, तर मायमॉनिडीसच्या फळांच्या रसाच्या वाक्यावर बोट ठेवणारे सोडत नाहीत. तुम्हाला या वादात पडायची गरजच नाही. सतराव्या शतकात विल्न्याचे शब्बताय कोहेन यांनी सगळ्यात कडक मत दिलं: नुसतं उभं राहून पाहणं पुरत नाही, दूध साकळवणारी वस्तू यहुदी माणसानेच घातली पाहिजे. तर मग दूध तुम्ही ढवळा आणि उकळी आली की लिंबू नातीच्या हातात द्या. तिने पिळलं की सगळ्यात कडक पंडितालाही बोलायला जागा राहत नाही.

खवा, बासुंदी, तूप यांत काही साकळवायचं नसतं, त्यामुळे चीजचा प्रश्न तिथे येत नाही. भांड्यांचा आणि गॅस कुणी पेटवला त्याचा येतोच. एरवी ती सहज डोकावली तर अख्खी फळं, सोललेली नसलेली, आणि काचेच्या किंवा कागदी पेल्यात कोरा चहा. तोही आधी विचारून.

दोन गोष्टी मात्र मावशींना आजच विचारून ठेवा. पहिली, सणाच्या जेवणात मटण आहे का? असेल तर श्रीखंड त्याच पंगतीत येऊ शकत नाही. मांस खाल्ल्यावर दुधाचं खायला कर्मठ घरांत सहा तास थांबतात. अशा वेळी सकाळचं दुधाचं जेवण कधी आहे ते बघा आणि श्रीखंड त्यावेळचं ठरवा. दुसरी, सण नेमका कुठल्या संध्याकाळी लागतो? सण लागल्यावर नवा विस्तव पेटवत नाहीत, म्हणून तुमची सगळी कामं त्याआधी उरकायला हवीत. चक्क्याला रात्रभर टांगावं लागतं, म्हणजे दूध दोन दिवस आधीच विरजायला हवं.